कयाकला भोक पाडायच्या आधी आत हात घालून बघा

कयाकवर काहीतरी बसवायचं म्हटलं, मग तो गळाची काठी धरणारा रॉड होल्डर असो, फोनचा माउंट असो, कॅमेऱ्याची काठी असो नाहीतर बंजीसाठी, म्हणजे लवचिक दोरीसाठी, साधी कडी, की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "ड्रिल बिट कुठल्या साइजचं घेऊ?" आणि माझं उत्तर पण दरवेळी तेच, ड्रिल राहू दे बाजूला, आधी हॅच, म्हणजे डेकवरचं झाकण, उघड, आत हात घाल आणि जिथे बसवायचंय त्या जागेच्या खाली बोटं पोचतायत का ते बघ. पोचत असतील तर नट-बोल्ट. नसतील तर बाकीचे सगळे जुगाड. कुठला फास्टनर, सीलंट कुठलं, किती वजन टांगायचं, हे सगळं त्या हाताच्या लांबीवर ठरतं आणि लोक नेमकं तेच सगळ्यात शेवटी बघतात, भोक पाडून झाल्यावर, टॉर्च तोंडात धरून.

बरं, हात पोचत नसेल तर जागा बदलता येते का ते आधी बघायचं. दहा सेंटिमीटर मागे सरकवलं की हॅचमधून हात जात असेल तर दहा सेंटिमीटर मागे सरकवा, रॉड होल्डर काही रागावत नाही. बऱ्याच कयाकमध्ये कंपनीनंच मोल्डिंगच्या वेळी पितळी इन्सर्ट, म्हणजे आटे असलेल्या पितळी नळ्या, घालून ठेवलेले असतात, वरून प्लास्टिकच्या टोप्या लावलेल्या असतात म्हणून दिसत नाहीत. मॅन्युअल एकदा उघडून बघा. नवं भोक न पाडता काम झालं तर त्याच्यासारखं सुख नाही.

जागा ठरवायची पद्धत माझी अगदी साधी आहे. बोट गवतावर ठेवायची, लाइफ जॅकेट घालून आत बसायचं, हातात वल्हं घ्यायचं आणि जे बसवायचंय ते मास्किंग टेपनं नुसतं चिकटवून वल्हवायची ॲक्टिंग करायची. शेजारचे हसतात, हसू दे. वल्ह्याचं पातं आपल्याला वाटतं त्याच्यापेक्षा बरंच पुढे पाण्यात जातं आणि हाताची मूठ डेकच्या काठाजवळून जाते, त्यामुळे गुडघ्यांच्या आसपास बाजूला लावलेलं काहीही बोटांच्या सांध्यांना लागणारच. आणि दुसरी गोष्ट, ही जास्त महत्त्वाची आणि कुणीच करत नाही, बोट उलटली तर परत कुठून चढणार ते ठरवा. आपण पाण्यातून वर येतो तेव्हा पोट डेकवर घासत, आडवे पडून येतो. त्या वाटेत जर उभा रॉड होल्डर किंवा लोखंडी कडी असेल तर लाइफ जॅकेटचा पट्टा त्यात अडकतो आणि अर्धं अंग पाण्यात, अर्धं वर अशी अवस्था होते. म्हणून कॉकपिटच्या निदान एका बाजूला मी काहीच लावत नाही, आणि जे उंच असतं ते हातानं ओढून काढता येईल असं ठेवतो. टेप लावून एक-दोनदा उथळ पाण्यात जाऊन आलात तर अजून उत्तम. टेपला भोक लागत नाही.

आता मटेरियल. बहुतेक कयाक रोटोमोल्ड पॉलिइथिलीनच्या असतात, भट्टीत साचा फिरवत फिरवत पावडर वितळवून केलेल्या. ह्यात भिंतीची जाडी सगळीकडे सारखी नसते, साधारण ४ ते ६ मिमी धरा, पण कोपऱ्यात, वळणावर कमी-जास्त होते. फिकट रंगाची बोट असेल तर अंधारात आत टॉर्च ठेवून बाहेरून बघा, मजा येते, कुठे पातळ आहे, कुठे आतली फोमची पट्टी आहे, रडरची म्हणजे सुकाणूची दोरी कुठून जाते, स्कपरची म्हणजे डेकवरचं पाणी खाली सोडणारी नळी कुठे आहे, सगळं सावलीसारखं दिसतं. गडद रंगाच्या बोटीत हे चालत नाही, तिथे परत हातच. सिट-ऑन-टॉप, म्हणजे वर उघड्यावर बसायची कयाक, असेल तर हे बघणं फारच गरजेचं, कारण स्कपरच्या नळीला चुकून ड्रिल लागलं तर ते भोक पाण्याच्या पातळीखालचं भोक झालं, आणि डेकवरच्या भोकातून शिंतोडे आत जातात तर ह्यातून अख्खी नदी आत येते. पाण्याच्या पातळीखाली मी स्वतः भोक पाडतच नाही. सोनारचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून परत ऐकणारा भाग, सुद्धा बोटीच्या आत तळाला सीलंटच्या थरात दाबून बसवता येतो, आवाज प्लास्टिकमधून जातो, फक्त मधे हवेचा बुडबुडा राहता कामा नये, हवा राहिली की स्क्रीनवर काही दिसणार नाही.

पॉलिइथिलीनचा एक स्वभाव आहे, त्याला काहीच चिकटत नाही. सिलिकॉन नाही, पॉलियुरेथेन नाही, कसलाही गोंद नाही. लोक सीलंटची अख्खी ट्यूब ओततात आणि समाधानानं झोपतात, पण खरं तिथे चिकटलेलं काही नसतं, बोल्टच्या दाबानं ते नुसतं गॅस्केटसारखं दबून बसलेलं असतं. बोल्ट ढिला झाला की सीलंट पण गेलं. हे एकदा लक्षात आलं की सीलंटवरचे निम्मे वाद मिटतात. मी ब्युटिल टेप वापरतो, काळी नाहीतर राखाडी, चिकट, च्युइंगमसारखी ताणली जाणारी पट्टी असते ती. बोल्टभोवती छोटीशी सुरळी करून गुंडाळायची, वरून माउंट ठेवायचा आणि हळूहळू आवळायचं. ती सुकत नाही, कायम मऊ राहते, म्हणून प्लास्टिक उन्हात फुगलं-आकसलं तरी सोबत हलते. एकाच दमात पूर्ण आवळू नका, जरा आवळा, दुसऱ्या दिवशी अजून जरा, बाहेर आलेली टेप बोटानं गोल करून काढून टाका. थ्रीएम कंपनीचं ५२०० नावाचं सीलंट बरेच जण सुचवतात, सीलंट म्हणून ते दणकट आहेच, पण ते कायमचं असतं, फायबरग्लासला लावलं तर काढताना जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत थर, घेऊन निघतं, आणि आपल्याला पुढच्या वर्षी रॉड होल्डर दुसरीकडे हवा असतो हे मी आत्ताच सांगून ठेवतो. व्हिनेगरचा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन तर अजिबात नको, ते एकदा लागलं की तो तेलकट थर राहतो आणि मग त्या जागी दुसरं काहीच धरत नाही.

खरोखर चिकटवायचंच असेल तर आग लागते. म्हणजे प्रोपेन टॉर्चची निळी ज्योत पृष्ठभागावरून भरभर फिरवायची, थांबायचं नाही, वितळवायचं नाही, नुसतं टोक लागून पुढे. त्यानं वरचा थर ऑक्सिडाइज होतो आणि इपॉक्सी धरायला लागतो. वेस्ट सिस्टिमचं जी-फ्लेक्स इपॉक्सी ह्याच पद्धतीनं पॉलिइथिलीनला लावतात. झालंय की नाही ते कळायला पाण्याचा थेंब टाकून बघा, आधी पाणी मोत्यासारखं गोल होऊन पळायचं ते आता पसरून बसतं. पसरलं की जागा तयार. अर्थात बोट पूर्ण कोरडी, उघड्या हवेत, आत कसली वाफ-बिफ साठलेली नाही हे बघूनच, आणि आतली फोमची पट्टी जवळ असेल तर हा नाद नकोच.

फास्टनरकडे येऊ. हात पोचतोय, तर मशीन स्क्रू, आतून मोठा वॉशर, नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप ढिला न होणारा. इतकं सोपं आहे, आणि ह्याच्यापेक्षा मजबूत काही नाही. त्यातही वॉशर शक्य तितका मोठा, आणि त्याहून चांगलं म्हणजे बॅकिंग प्लेट, सगळे बोल्ट जिच्यातून जातील अशी एकच पट्टी. जुना प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड कापून उत्तम पट्टी होते, कोपरे गोल करा, कडा कानशीनं मारा, टोकदार कोपरा आतून भिंतीला टोचत राहतो आणि तिथूनच चीर जाते.

पट्टीचं महत्त्व पटत नसेल तर एक हिशोब करा. रॉड होल्डर बेसपासून २० सेंटिमीटर वर आहे आणि तिथे आडवा १० किलोचा ओढा आला, म्हणजे २०० किलो-सेंटिमीटरचा मोमेंट, उलथवणारा जोर. बेसच्या दोन बोल्टमधलं अंतर ५ सेंटिमीटर असेल तर ओढणाऱ्या बाजूच्या बोल्टवर ४० किलो वर खेचतायत. दहाचे चाळीस झाले. आणि प्रत्यक्षात ओढा होल्डरवर थोडाच येतो, तो येतो रॉडच्या टोकाकडून, त्यामुळे तरफेचा हात अजून लांब, आकडा अजून मोठा. "अरे सहा स्क्रू आहेत, कुठे जातंय," असं मित्र म्हणतात तेव्हा मी हाच हिशोब मांडतो. स्क्रू कुठेच जात नाहीत, ४ मिमीचं प्लास्टिक जातं. म्हणून बेस जितका रुंद आणि होल्डर जितका बुटका तितकं बरं, ट्रॅकवर, म्हणजे माउंट सरकवता येणाऱ्या लांब ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, लावलात तर ओढा लांबवर वाटला जातो.

हात पोचत नाही तेव्हा काय? पॉप रिव्हेट, पण साधे नाहीत, तीन पाकळ्यांचे. हे ओढले की मागच्या बाजूला फुलाच्या पाकळ्यांसारखे तीन भागांत उमलतात आणि मोठ्या जागेवर दाब वाटतात, साध्या रिव्हेटचं मागचं डोकं लहान असतं, ते मऊ प्लास्टिकमधून सरळ उपटून येतं. बंजीच्या कड्या, छोटे क्लीट म्हणजे दोरी अडकवायचे खुंट, ह्यांना हे एकदम योग्य. ४.८ मिमीच्या रिव्हेटला साधारण ५ मिमीचं भोक, पाकिटावर दिलेलं असतं ते पाळा. घेताना एकच बघा, बॉडी ॲल्युमिनियमची असली तरी आतली ओढायची खिळी पुष्कळदा साध्या लोखंडाची असते, तिचा तुकडा आत अडकून राहतो आणि खाऱ्या पाण्यात गंजाचे ओघळ सुरू. खिळी पण ॲल्युमिनियमचीच घ्या.

दुसरा पर्याय वेल नट. रबराची नळी, आत पितळेचा नट, स्क्रू आवळला की रबर आतून फुगून भोकाला गच्च धरतं. पाणी आपोआप अडतं, सीलंटची कटकट नाही, काढता येतो. पण भोक मोठं लागतं, पाव इंची बोल्टच्या वेल नटला जवळजवळ अर्ध्या इंचाचं, आणि भोक जरा सैल झालं की रबर स्क्रूबरोबर गोल फिरतं, मग ना आवळता येतं ना काढता. फोन, कंपास, फिश फाइंडर अशा हलक्या गोष्टींना मस्त. ज्याच्यावर आपण हात टाकून जोर लावणार त्याला नाही, रबर शेवटी रबरच.

रिव्हनट, म्हणजे रिव्हेटसारखे भोकात दाबून बसवायचे आटेवाले धातूचे नट, मला पटत नाहीत, स्पष्टच सांगतो. धातूच्या पत्र्याला ते झकास आहेत, पण मऊ प्लास्टिकमध्ये काही सीझननंतर फिरायला लागतात आणि फिरणारा रिव्हनट काढायचा म्हणजे ड्रिलनं डोकं उडवायचं, दुसरा मार्ग नाही. आणि सेल्फ टॅपिंग स्क्रू सरळ प्लास्टिकमध्ये? वायरची क्लिप धरून ठेवायला ठीक. त्याच्यापुढे नको, त्याची सगळी पकड त्या ४-५ मिमीमधल्या दोन-तीन आट्यांवर असते.

आता एक मधली परिस्थिती असते, म्हणजे हात हॅचमधून जातो पण त्या भोकापर्यंत पोचत नाही, अर्धा हात कमी पडतो. इथे लोक लगेच रिव्हेटकडे वळतात. त्याची गरज नाही, दोरीनं काम होतं. वरून भोकातून बारीक मजबूत दोरा आत सोडा, टोकाला छोटा नट बांधा म्हणजे खाली लोंबेल, बोट जरा तिरकी केली की तो नट घरंगळत हॅचच्या दिशेला येतो, नाहीतर तारेचा आकडा करून ओढून घ्या. आता हॅचमधून बाहेर आलेल्या टोकावरचा नट सोडून तिथे बोल्ट बांधायचा, आट्यांच्या टोकाला, दोऱ्याला दोन वेढे आणि वर टेप, बोल्टमध्ये आधीच मोठा वॉशर आणि त्याच्याखाली ब्युटिलची सुरळी घातलेली असते. मग वरून दोरा हळू हळू ओढायचा. बोल्ट आतून खडखडत येतो, भोकाशी येऊन आडवा होतो, जरा सैल सोडायचा, परत ओढायचा, आणि एकदम टक् करून आट्यांचं टोक भोकातून वर डोकावतं. ते लगेच पकडीत धरा, दोरा सोडा, वर माउंट, वॉशर, नट. अर्थात नट आवळताना बोल्ट आतल्या आत फिरतो, म्हणून चौकोनी मानेचा कॅरेज बोल्ट बॅकिंग प्लेटच्या चौकोनी खाचेत ठोकून घेतला तर सगळ्यात बरं, प्लेटसकट दोन्ही बोल्ट दोन दोऱ्यांनी एकदम वर येतात. हे करायला एक माणूस वर आणि एक खाली असला तर भांडण होतं, एकट्यानं करा.

आणि हो, आत पडलेला स्टीलचा नट लोहचुंबकानं काढू असं कुणी म्हणालं तर काढून दाखव म्हणा. चांगलं स्टेनलेस चुंबकाला दाद देत नाही. लांब काठीच्या टोकाला दुहेरी टेप, हाच उपाय.

स्टेनलेसवरून आठवलं, बोल्टच्या डोक्यावर बारीक अक्षरं कोरलेली असतात ती वाचायची सवय लावून घ्या. ए२-७० म्हणजे ३०४ प्रकारचं, ए४-७० म्हणजे ३१६. फरक मुख्यतः मॉलिब्डेनमचा, ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असतं आणि त्यामुळे खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडायचं प्रमाण कमी होतं. गोड्या पाण्यात ए२ वर्षानुवर्षं चालेल, समुद्रात जाणार असाल तर ए४. नुसतं चकाकतं म्हणून घेतलेलं स्टेनलेस पण तांबूस डाग धरतं. आणि स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर ड्रिलनं गर्रकन आवळू नका, आटे एकमेकांना घासून गरम होतात आणि अक्षरशः वेल्ड झाल्यासारखे जाम होतात, ना पुढे ना मागे, मग कापायलाच लागतं. पान्यानं, हळू, आट्यांना जरा ग्रीस लावून.

ॲल्युमिनियमच्या ट्रॅकमध्ये स्टेनलेसचा स्क्रू आणि वरून खारं पाणी, म्हणजे छोटीशी बॅटरीच तयार झाली. ह्यात झिजतं ते ॲल्युमिनियम, पांढरी भुकटी दिसायला लागते आणि स्क्रू धरून बसतो. टेफ-जेल किंवा ड्युरालॅकसारखी पेस्ट आट्यांना लावा, नायलॉनचा वॉशर घाला, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुवा, ह्या तीनपैकी शेवटचं फुकट आहे आणि तेच कुणी करत नाही.

लॉकटाइट, म्हणजे आटे ढिले होऊ नयेत म्हणून लावायचं थ्रेड लॉकर, लावायची सवय असेल तर बोट कशाची आहे ते बघून. थर्मोफॉर्म केलेल्या चकचकीत बोटी एबीएस ह्या प्लास्टिकच्या असतात, आणि एबीएस, पॉलिकार्बोनेट ह्यांना थ्रेड लॉकर लागलं की ताणाखाली बारीक चिरा पडतात. नायलॉक नट असताना लॉकटाइट लागतं कशाला, हा माझा प्रश्न.

आटे जुळतायत का हे पण बघा. पाव इंची बोल्टला इंचाला २० आटे असतात आणि एम६ ला आटा १ मिमीचा, दिसायला दोन्ही भाऊ-भाऊ, पण एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे जातो आणि अडकतो, जोर लावलात की आटे गेले. बॉल माउंटचं, म्हणजे गोळ्यावर फिरणाऱ्या माउंटचं, तसंच, रॅम कंपनीचा बी साइजचा बॉल १ इंची, सी साइजचा दीड इंची. सुरुवातीलाच एक साइज धरून ठेवलीत तर फोन, कॅमेरा, रॉड सगळं एकमेकांच्या जागी बसतं.

ड्रिलिंग स्वतः दहा मिनिटांचं काम आहे, त्याचा फार बाऊ नको. मास्किंग टेप लावा, खूण करा, दोनदा मोजा, ३ मिमीचं पायलट पाडा. पॉलिइथिलीनला स्पीड कमी ठेवा, नाहीतर कापण्याऐवजी वितळतं आणि बिटावर शेवयांसारखं गुंडाळलं जातं. बिटावर टेपची पट्टी लावून खोली ठरवून घ्या, भिंत पार झाली की ड्रिल एकदम आत घुसतं आणि आत काय आहे ते आपल्याला माहीत असतंच असं नाही. मोठ्या भोकाला स्टेप बिट, पायऱ्यापायऱ्यांचं शंकूसारखं बिट, सगळ्यात छान, गोल आणि स्वच्छ येतं. मग धारदार चाकूनं काठ साफ करायचा, हे मात्र मनापासून करा. गोल भोकाच्या काठाशी ताण आजूबाजूच्या तिप्पट होतो, किर्श नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १८९८ मध्येच हे गणितानं दाखवून ठेवलंय, आणि ही तिप्पट गुळगुळीत भोकाची गोष्ट झाली, काठावर ओरखडा किंवा खाच राहिली तर तिथे अजून वाढतो आणि चीर तिथूनच निघते. भोकात बोट फिरवा, काही खरखरीत लागलं तर परत चाकू. आत पडलेला कीस व्हॅक्यूमनं काढा, नाहीतर तो पंपात आणि ड्रेन प्लगमध्ये जाऊन बसतो.

लांब ट्रॅक बसवताना मात्र भोकांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतं. पॉलिइथिलीन उन्हात ॲल्युमिनियमच्या पाच ते आठ पट प्रसरण पावतं. ४० सेंटिमीटरच्या ट्रॅकखालचं प्लास्टिक ३० अंशांनी तापलं तर ते दीड-दोन मिलिमीटर लांबतं, आणि वरचा ट्रॅक जेमतेम पाव मिलिमीटर. उरलेलं कुठेतरी जायला हवं, ते डेकला लाटांसारखं वर-खाली करतं, नाहीतर भोकाचा काठ चुरडतं. म्हणून मधलं भोक नेमकं पाडायचं आणि टोकाकडची भोकं ट्रॅकच्या दिशेनं जराशी लांबट, वॉशर झाकेल इतपत. आवळायचं पण बेतानं. वॉशरच्या भोवती प्लास्टिकला खळगा दिसायला लागला म्हणजे जास्त झालं, आणि पॉलिइथिलीन दाबाखाली हळूहळू सरकत राहतं, त्यामुळे आज घट्ट आवळलेला बोल्ट महिन्यानं ढिला असणारच, तेव्हा परत एकदा पाना फिरवायचा. डेक गोलसर आणि ट्रॅक सरळ असेल तर डेकला ट्रॅककडे खेचू नका, मधे रबराची किंवा प्लास्टिकची पाचर घाला.

फायबरग्लासवाल्यांचं दुखणं वेगळं, तिथे जेलकोटचे टवके उडतात. टेप लावा आणि सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवा, जेलकोट खरवडला गेला की मग सुलटं. भोकाचा वरचा काठ काउंटरसिंकनं जरा उतरता करा, एक तर तडा जात नाही, आणि त्या उतारात सीलंटची छान गोल रिंग तयार होते. दोन थरांच्या मधे फोम किंवा बाल्सा, म्हणजे हलकं लाकूड, असेल तर भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीनं भरायचं आणि सुकल्यावर त्यात योग्य मापाचं भोक परत पाडायचं, नाहीतर बोल्ट आवळला की गाभा चेपतो, आणि पाणी शिरलं की बाल्सा कुजतो. धूळ वाईट असते, मास्क घाला.

हवेच्या बोटीला अर्थातच भोक नाही. तिथे पॅच असतो, डी-रिंगवाला, आणि सगळा खेळ गोंदाचा. पीव्हीसीचा गोंद वेगळा, हायपलॉन नावाच्या रबरी कापडाचा वेगळा, अदलाबदल चालत नाही. पॅच आडव्या ओढ्याला प्रचंड ताकद दाखवतो पण काठाकडून सोललं की कागदासारखा निघतो, त्यामुळे रिंग अशा दिशेला ठेवा की दोरी पृष्ठभागाला समांतर ओढेल. हवा काढून, पुसून, दोन्हीकडे पातळ थर, सुकू द्या, परत पातळ थर, मग रोलरनं मधून बाहेर दाबा, आणि निदान एक दिवस हवा भरू नका.

दोन जागांबद्दल मात्र मी हट्टी आहे. पहिली, नांगराची. नांगराची दोरी बोटीच्या मधे, बाजूच्या कडीला बांधायची नाही, प्रवाहात बोट आडवी होते आणि पाण्याचा लोंढा बोटीची ती बाजू खाली दाबून उलटवतो. त्यासाठी अँकर ट्रॉली असते, पुढून मागे जाणारी दोरीची फेरी, रिंग सरकवून ओढा पुढच्या किंवा मागच्या टोकाला न्यायचा. ह्या ट्रॉलीच्या दोन्ही टोकांच्या पुली बोल्टनंच, बॅकिंग प्लेटसकट, इथे रिव्हेट नाही, आणि दोरी एका हातानं झटक्यात सुटेल असं क्लीट, शिवाय चाकू हाताशी. दुसरी जागा दिव्याची. रात्रीच्या नियमांत, म्हणजे १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-नियमांच्या २५ व्या नियमात, वल्ह्याच्या बोटीला निदान पांढरा उजेड देणारी टॉर्च किंवा कंदील हाताशी ठेवायला सांगितलंय, टक्कर टाळायला वेळेत दाखवता येईल असा. काठीवरचा दिवा लावणार असाल तर डोक्याच्या वर आणि पाठीमागे, समोर लावलात तर स्वतःच आंधळे व्हाल. ही काठी हलकी असते पण लांब असते, रॉड होल्डरचा दहाचे चाळीसचा हिशोब तिला पण लागू.

सगळं बसवून झालं की गळतंय का बघायचं. भोकांवर साबणाचं पाणी लावा, हॅच बंद करा आणि ड्रेन प्लगच्या भोकातून तोंडानं फुंका, तोंडानंच, कॉम्प्रेसर लावाल तर हॅचचं झाकण उडेल. बुडबुडे आले की जागा सापडली, मग साबण नीट धुवून टाका.

आणि जुनी भोकं. जागा बदलली की ती राहतातच. लहान असेल तर रबरी वॉशर लावून बोल्ट-नट घालून ठेवा, मी बहुतेकदा हेच करतो, पुढे कधी कडी लावायला ते भोक उपयोगी पडतं. कायमचं बुजवायचं असेल तर पॉलिइथिलीनच्याच काडीनं हॉट एअर गननं वेल्ड करा, शक्यतो त्याच बोटीच्या प्लास्टिकचा तुकडा वापरून, म्हणजे हॅचसाठी मोठं भोक पाडलंत तर मधली चकती फेकू नका, तिच्यावर बोटीचं नाव लिहून डब्यात टाका.